होमस्टेच्या साइटचं डिझाइन डेव्हलपरकडे द्यायचंय, फाइलीत काय काय असायला हवं?

गुहागरची डिझायनर

नमस्कार मंडळी,

मी गुहागरला असते, घरूनच डिझाइनची कामं करते. बहुतेक छपाईतली: आंब्याची खोकी, कोकम सरबताची लेबलं, लग्नपत्रिका. आता तारकर्लीच्या एका होमस्टेची अख्खी वेबसाइट माझ्याकडे आली आहे. चार खोल्या, घरगुती जेवण, शिवाय बोटीची फेरी, स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचं बुकिंग. साइट मराठी आणि इंग्रजी दोन्हींत हवी. डिझाइन मालकांना पसंत पडलंय. साइट बांधणार आहेत कोल्हापूरची दोन मुलं. आमची भेट अजून झालेली नाही, जे काही बोलणं झालं ते फोनवरच. काल त्यांचा निरोप आला, "मॅडम, हँडऑफ तयार ठेवा, सोमवारपासून बसतो." हँडऑफ म्हणजे तयार डिझाइन साइट बांधणाऱ्यांच्या हाती देणं.

छापखान्याला काय द्यायचं ते मला पक्कं ठाऊक आहे. फॉन्ट आउटलाइन करा, ब्लीड सोडा, रंग सीएमवायकेत घ्या, पीडीएफ पाठवा, की झालं. इथे तसं ठरलेलं काही दिसत नाही. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो.

फिग्मात, म्हणजे मी डिझाइनसाठी वापरते त्या सॉफ्टवेअरमध्ये, आत्ता सहा पानं आहेत: होम, खोल्या, एका खोलीची माहिती, पाण्यातले खेळ, बुकिंग, संपर्क. प्रत्येक पान डेस्कटॉपसाठी १४४० पिक्सेल रुंदीत आणि मोबाइलसाठी ३९० रुंदीत. रंगांच्या आणि अक्षरांच्या स्टाइल केल्या आहेत. बटणं कंपोनंट (एकदा करून हवं तिथे वापरायचे भाग) आहेत, बाकी बरंचसं सुटं आहे.

मला एवढं सांगा. लेयरची नावं, कंपोनंट वगैरे कुठवर नीट करत बसायचं? फाइलीसोबत वेगळं डॉक्युमेंट लिहायचं का? आणि मराठी मजकूर ब्राउझरमध्ये माझ्या फाइलीसारखा दिसेल याची खात्री कशी करायची? एका ओळखीच्या साइटवर मी मराठीची फार वाईट दशा पाहिली आहे. या साइटचं तसं होऊ नये असं मनापासून वाटतं.

---

कुडाळचा फ्रंटएंडवाला

ताई, सोमवारच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. बहुतेक वेळा आमच्याकडे नुसती लिंक येते आणि खाली "काही लागलं तर विचारा" एवढंच लिहिलेलं असतं. मग सुरुवातीचे कितीतरी दिवस विचारण्यातच जातात. मी कुडाळला बसून हेच काम करतो, दुसऱ्यांनी केलेली डिझाइनं घेऊन साइट बांधतो. त्यातल्या बऱ्याच आमच्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या असतात: होमस्टे, काजूवाले, बोटवाले. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

लेयरच्या नावांचं खाली सांगतो, ते एका दुपारचं काम आहे. त्याआधी दुसरं बघा. फाइल हातात आली की मी सगळ्यात आधी तिच्यात न काढलेलं शोधतो. तुमच्या सहा पानांत, मला खात्री आहे, खोली रिकामी आहे, फोटो सुंदर आहे, नाव एका ओळीत बसलंय, नेट चालू आहे आणि ऊन पडलंय. आमचा अर्धा वेळ जातो तो यातलं काहीतरी बिघडतं तेव्हा काय दाखवायचं यात. तिथे डिझाइन नसलं तर आम्ही आमच्या मनाने काहीतरी करून टाकतो. मग ते तुम्हाला खटकतं, मालकांनाही खटकतं, आणि दुरुस्तीचे पैसे कुणी द्यायचे यावरून वाद होतात.

बुकिंगचं कॅलेंडर घेऊ. तुमच्या फाइलीत एक महिना काढलेला असेल, त्यात दोन तारखा रंगवलेल्या, खाली "बुक करा" बटण. मला त्यातला एकच चौकोन हवा, पण त्याची सगळी रूपं हवीत. मोकळी तारीख. एकच खोली उरलेली तारीख. भरलेली तारीख. होऊन गेलेली तारीख. येण्याचा दिवस निवडला तो, निघण्याचा दिवस निवडला तो, आणि मधल्या रात्री. कीबोर्डने फिरताना चौकोनाभोवती येणारी फोकसची कड. दर लोड होत असताना काय दिसणार ते. आणि एक जागा जवळजवळ प्रत्येक डिझायनरच्या हातून सुटते: १२ तारखेची रात्र भरली असली तरी ११ ला आलेला पाहुणा १२ ला सकाळी निघू शकतो. म्हणजे १२ हा येण्यासाठी बंद आणि निघण्यासाठी चालू. तो चौकोन कसा दिसणार? तुम्ही काढला नाहीत तर आम्ही सरसकट राखाडी करतो. मग ११ ची मोकळी खोली पाहुण्याला घेताच येत नाही आणि मालकांची एक रात्र रिकामी जाते.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. पावसाळ्यात बोटी आणि पाण्यातले खेळ बंद. साधारण मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्यावर होड्या जात नाहीत, स्कूबाही होत नाही. पण खोल्या चालूच असतात, खास पाऊस बघायला येणारे लोक असतात. म्हणजे तुमची साइट वर्षातले तीन महिने अर्धी बंद असते. "पाण्यातले खेळ" हे पान जुलैत कसं दिसतं? कार्ड काढून टाकायची, की फिकी करून त्यावर "१ सप्टेंबरपासून पुन्हा" असं लिहायचं? होमवरच्या मोठ्या फोटोत बोट असेल तर जुलैत तोच फोटो ठेवायचा का? खोली बुक करताना "सोबत स्कूबा घ्या" असा चौकोन येत असेल तर निवडलेली तारीख जुलैतली असल्यास त्याचं काय? माझं मत विचाराल तर कार्ड ठेवा, बटण काढा आणि तारीख लिहा. पुढच्या हिवाळ्याचा बेत आखणारा माणूस जुलैतच बघत असतो. पण ती तारीख डिझाइनमध्ये टाइप करून ठेवू नका. दरवर्षीचे आदेश थोडे इकडेतिकडे होतात, म्हणून ती मालकांना बदलता यायला हवी. ही सूचना कार्डाशेजारी लिहून ठेवा.

रुंदीबद्दल. ३९० आणि १४४० यांच्यामध्ये काय होतं ते कुठेच नाही. खोल्यांची तीन कार्डं शेजारी शेजारी आहेत ती दोन कधी होतात, एक कधी होते? १४४० च्या पुढे मोठ्या मॉनिटरवर मजकूर पसरत जातो की मध्ये थांबतो? हे दोन ओळींत लिहिलंत तरी चालेल. खालच्या बाजूला मात्र ३६० रुंदीचा एक पडदा काढाच, स्वस्तातले पुष्कळ अँड्रॉइड फोन त्याच रुंदीचे असतात. हिशेब करून बघा: ३६० मधून दोन्ही कडांचे १६-१६ गेले की उरले ३२८, सात वारांत वाटले की एका चौकोनाला जेमतेम ४६ पिक्सेल. तेवढ्यात तारीख आणि खाली "₹३,५००" बसत नाही, बसवलं तर वाचता येत नाही. त्यापेक्षा दर चौकोनातून काढा आणि तारीख निवडली की कॅलेंडरच्या खाली मोठा दाखवा. बोटाने दाबायला ४६ पुरेसे आहेत. डब्ल्यूसीएजी २.२ (वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेली नियमावली) मध्ये किमान २४ मागितलेत आणि वरच्या पातळीला ४४.

होमवरचा फोटो. मालवणच्या धक्क्यावरून काढलेला किल्ल्याचा असेल तर एक अडचण येणार. पाण्यावर आडवा, लांबलचक, बुटका तट असतो. डेस्कटॉपच्या आडव्या चौकटीत तो छान बसतो. फोनच्या उभ्या चौकटीत आला की दोन्ही टोकं कापली जातात आणि नुसतं पाणी आणि आभाळ उरतं. फोनसाठी वेगळा फोटो द्या, नाहीतर फोटोतला कोणता भाग काहीही झालं तरी दिसला पाहिजे ते खूण करून सांगा. फोटोवर अक्षरं असतील तर खाली काळसर थर किती टक्के तेही लिहा. मालक उद्या फोटो बदलणार, आणि नवा फोटो पांढऱ्या वाळूचा असला की तुमचं पांढरं शीर्षक गायब होणार.

नावं वगैरे: "फ्रेम ४२७" असली नावं फक्त कंपोनंट, पानं आणि बाहेर काढायच्या चित्रांपुरती बदला. आतल्या प्रत्येक डब्याला बारसं घालायची गरज नाही, ते आम्ही बघतही नाही. जे एकापेक्षा जास्त ठिकाणी आलंय ते कंपोनंट करा: खोलीचं कार्ड, खेळाचं कार्ड, फॉर्मचा रकाना, वरची पट्टी, तळाची पट्टी. सगळीकडे ऑटो लेआउट लावा, म्हणजे मजकूर वाढला की डबा कसा वाढतो ते आम्हाला न विचारता कळतं. जागा ४ च्या पटीत ठेवा. एकीकडे २३, दुसरीकडे २५ असं दिसलं की ते मुद्दाम केलंय की हात हलला, हा प्रश्न आम्हाला पडतो. आणि जुने प्रयोग, नापसंत झालेली होम पानं वेगळ्या पानावर हलवा. द्यायचं ते एका पानावर आणि त्याला "रेडी फॉर डेव्ह" ही खूण.

---

रत्नागिरी, अक्षरकाम

मी मराठी टायपोग्राफीचं काम करते, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नापुरतं लिहिते. वरच्या दादांनी बाकीचं नीट सांगितलंच आहे.

पहिली तपासणी आत्ताच्या आत्ता करा. तुमच्या फाइलीत मराठी मजकुराला जो फॉन्ट लावलाय त्यात देवनागरी आहे का? इंटरसारख्या फॉन्टात देवनागरी नाही. तरी फिग्मात मराठी दिसतं, कारण अक्षरं गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून घेतली जातात. ब्राउझरही तेच करतो, पण कोणता फॉन्ट घ्यायचा ते फोन ठरवतो, आणि प्रत्येक फोनवर साइट वेगळी दिसते. "मराठीची वाईट दशा" बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. मुक्ता, बालू २, नोटो सान्स देवनागरी, पॉपिन्स यांत देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत आणि हे सगळे मोफत वापरता येतात. होमस्टेसाठी मी मुक्ता घेईन, बारीक आकारातही स्वच्छ वाचता येतो. कोणती वजनं (अक्षरांची जाडी) लागतात तेही लिहा, दोनच ठेवा. देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते आणि वाडीतल्या नेटवर ते लगेच जाणवतं.

आता तुमच्याच साइटचं नाव घ्या: तारकर्ली. त्यात "र्ली" आहे, म्हणजे एकाच अक्षराच्या डोक्यावर रफार आणि दीर्घ वेलांटी. इंग्रजीच्या सवयीने शीर्षकाची लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) १.१ ठेवली आणि कार्डाला "दोन ओळींनंतर काप" असं लावलं की तो रफार वरून छाटला जातो. मी मराठी मजकुराला १.६ ते १.७ आणि शीर्षकांना १.३ च्या आसपास ठेवते. इंग्रजी आणि मराठीच्या स्टाइल वेगळ्या करा, एकाच स्टाइलमध्ये दोन्ही भाषा कोंबू नका. बटणांची उंची ठरीव ठेवू नका, वरखाली पॅडिंग (अक्षरांभोवतीची मोकळी जागा) द्या.

लेटर-स्पेसिंग मराठीला शून्य. इंग्रजीत छोट्या शीर्षकांना अक्षरं फाकवून द्यायची फॅशन आहे. तीच स्टाइल मराठीला लागली की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांत पडतो. तसंच इंग्रजी बटणं मोठ्या लिपीत (कॅपिटलमध्ये) असतील तर मराठीत तो जोर येत नाही, आपल्याकडे मोठी-छोटी लिपी नाही. तिथे वजन वाढवा किंवा रंग बदला, आणि हे स्टाइलच्या वर्णनात लिहा.

डेव्हलपरना ठळक सांगा की मराठी पानाला भाषेची खूण मराठीचीच हवी, हिंदीची नको. काही फॉन्टांमध्ये श आणि ल ची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात आणि ती या खुणेवरूनच निवडली जातात. तुमच्या मेन्यूत "शहाळं" असेलच, श तपासायला तो शब्द घ्या आणि ल तपासायला "खोली". "किनाऱ्यावर" हा शब्दही प्रत्येक फोनवर बघा. त्यातला अर्धा ऱ नीट उमटला तर फॉन्ट आणि मजकूर दोन्ही ठीक आहेत. मालकांनी जुन्या माहितीपत्रकातला मजकूर दिला असेल तर तो युनिकोडमध्ये (सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) आहे ना, हे आधी पाहा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टातला मजकूर साइटवर चिकटवला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते.

आकडे देवनागरी की रोमन, हे मालकांना विचारून एकदाच ठरवा. कोडमध्ये महाराष्ट्राची मराठी निवडली की दर आणि तारखा आपोआप देवनागरी आकड्यांत येतात. मग कॅलेंडर देवनागरी आणि तुम्ही हाताने लिहिलेला दर रोमन, असं होतं. फोन नंबर दिसायला देवनागरी चालेल, पण त्यामागच्या दुव्यात रोमन आकडेच लागतात, नाहीतर दाबून फोन लागत नाही. आणि फॉर्ममध्ये कुणी नंबर देवनागरीत टाइप केला तर तो मुकाट स्वीकारा. चूक दाखवू नका, त्या माणसाचं काही चुकलेलं नाही.

---

देवबागचो होमस्टेवालो

माका त्या फिग्मातला काय कळणा नाय, पण आमच्या धंद्यातला थोडा सांगतंय. बाकी शुद्धात लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून.

आमच्या साइटवर सगळं सुंदर होतं, फक्त आम्हाला वर्षभर जे लागतं ते नव्हतं. पावसाचं दादांनी सांगितलंच. त्यात गणपती घाला. गणपतीत आमच्या घरात मुंबईहून सगळी भावंडं येतात, पाहुण्यांना द्यायला खोलीच नसते. शिमग्यालाही थोडं तसंच. "भरलेलं" असं दाखवलं तर लोक फोन करून विचारतात, एक तरी बघा ना. "घरच्या गणपतीमुळे या दिवसांत बंद" असं लिहिलं की लोक समजून घेतात, काही तर दर्शनाला येऊ का विचारतात.

दुसरं आंगणेवाडीची जत्रा. तिची तारीख पंचांगात ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन दरवर्षी जाहीर होते. ती कळेपर्यंत आम्ही फेब्रुवारी-मार्चचे दर उघडत नाही. आणि कळली की त्याच दिवशी फोन सुरू होतात, रेल्वेची तिकिटंही बघता बघता संपतात. तेव्हा मला मुलाला मुंबईला फोन करून "साइटवर बदल कर" सांगावं लागू नये, माझ्या फोनवरून मलाच करता यावं.

तिसरं, आमचे पाहुणे फॉर्म भरत नाहीत. कॅलेंडर बघतात आणि व्हॉट्सॲप करतात. मासे मिळतील ना, आई-वडिलांना जिना चढायला लागेल का, गाडी आत येते का, हे विचारतात. त्या बटणाला जरा मोठी जागा द्या.

---

गुहागरची डिझायनर

तुम्हा तिघांची मी खरंच आभारी आहे. कालपासून याच कामाला बसले आहे.

देवबागच्या काकांचं वाचून तारकर्लीला फोन केला. त्यांच्याकडेही गणपतीत खोल्या देत नाहीत, आणि हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ते त्यांना सांगण्यासारखं वाटलंच नाही. आता कॅलेंडरच्या चौकोनाच्या सगळ्या रूपांची पट्टी काढली आहे. "घरच्या कार्यक्रमामुळे बंद" आणि "दर लवकरच" अशी दोन रूपं त्यात नव्याने आली. व्हॉट्सॲपचं बटण फोनवर खाली कायम दिसेल असं केलंय, आणि त्यात निवडलेली खोली आणि तारखा आपोआप लिहून जातील अशी टीप घातली आहे.

फॉन्टचं रत्नागिरीच्या ताईंनी सांगितलं तसंच निघालं. मराठी मजकुराला देवनागरी नसलेलाच फॉन्ट लागला होता. आता मुक्ता लावलाय, मराठीच्या स्टाइल वेगळ्या केल्या आहेत आणि प्रत्येक पानाचा मराठी नमुना इंग्रजीशेजारी ठेवलाय. सगळ्यात लांब नावं मुद्दाम कार्डांत भरली. "सिंधुदुर्ग किल्ला दर्शन आणि स्नॉर्केलिंग" हे दोन ओळींत जातं, "स्कूबा" एका ओळीत, आणि तरी दोन्ही कार्डांची बटणं एका रेषेत राहतात.

तीन गोष्टी राहिल्या. टिपा फाइलीतच लिहायच्या की वेगळ्या? डेव्ह मोडसाठी (फिग्मातला डेव्हलपरांनी मापं-रंग बघायचा भाग) पैसे भरायचे का? आणि डिझाइन दिल्यानंतर मालकांनी काही बदल सांगितले तर ते कसे कळवायचे?

---

कुडाळचा फ्रंटएंडवाला

टिपा फाइलीतच लिहा, ज्या गोष्टीबद्दल आहेत तिच्या शेजारी. वेगळं डॉक्युमेंट पहिल्या दिवशी वाचलं जातं आणि नंतर कुणी उघडत नाही. वागणूक शब्दांत लिहा, म्हणजे काय दाबल्यावर काय होतं, चूक झाली तर कोणतं वाक्य दिसतं. चुकीची वाक्यं तुम्हीच लिहून द्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. आमच्यावर सोडलीत तर "काहीतरी चुकलं आहे" एवढंच येतं. "या तारखांना खोली शिल्लक नाही, मागच्या-पुढच्या तारखा बघा" हे तुम्ही लिहिलंत तर पाहुणा साइटवर थांबतो.

डेव्ह मोड २०२३ मध्ये आला, तो पैसेवाल्या सीटवर (एका माणसाच्या सशुल्क परवान्यावर) मिळतो. ती सीट कोल्हापूरच्या मुलांना लागेल, तुम्हाला नाही. त्यांच्याकडे आधीच असेल, विचारा. नसेल तर एवढ्या साइटसाठी विकत घ्यायची निकड नाही. मापं, रंग, जागा यांचा एक तक्ता त्याच पानाच्या वरच्या कोपऱ्यात मांडून ठेवा, काम भागतं. पेनपॉट हे मुक्तस्रोत साधन आहे, त्यात तपासणीचं पॅनेल मोफत आहे, पण आत्ता फाइल तिकडे हलवू नका, पुढच्या कामाला बघा.

चित्रांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. आयकॉन आणि लोगो एसव्हीजीत (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या चित्राच्या प्रकारात) द्या, आणि आयकॉन सगळे एकाच मापाच्या चौकटीत. फोटो मूळ मोठ्या आकारातच द्या, लहान करणं, वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो-प्रकार) करणं हे आमच्याकडे. फक्त कुठला फोटो आडवा, कुठला उभा आणि प्रमाण काय, ते लिहा. मालक नंतर फोनवरचे उभे फोटो टाकणार हे गृहीत धरून एक उभा फोटो खोलीच्या आडव्या कार्डात घालून बघा.

बदलांसाठी: द्यायच्या दिवशी फाइलीच्या व्हर्जन हिस्टरीत नाव देऊन एक टप्पा जतन करा. त्यानंतर त्या पानावर गुपचूप काहीही हलवायचं नाही. बदल झाला तर फाइलीच्या सुरुवातीला एका चौकटीत तारीख, काय बदललं, कुठे, एवढं लिहायचं आणि त्या मुलांना दुवा पाठवायचा. आम्ही एखादं पान बांधून होतो आणि दुसऱ्या दिवशी फाइलीत तेच पान वेगळं दिसतं, याच्याइतका मनस्ताप दुसरा नाही.

सोमवारी लिंक पाठवून सोडू नका. दोघांना व्हिडिओ कॉलवर घ्या, पडदा दाखवत फाइल एकदा पूर्ण फिरवा, आणि कॅलेंडरपासून सुरुवात करा. त्यांना म्हणा, पहिल्यांदा तेवढंच बांधा आणि मला फोनवर दाखवा. अवघड भाग तोच आहे. त्यात काही करता येण्याजोगं नसेल तर ते लवकर कळेल आणि त्याप्रमाणे डिझाइन बदलायला तुमच्या हातात वेळ राहील. तयार झालेलं बघताना मालकांच्याच फोनवर बघा, भर दुपारी, उन्हात. तुमचा समुद्री निळा फिका असेल तर पांढऱ्यावर तो उन्हात दिसणार नाही. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ असा फरक लागतो, मोठ्या शीर्षकांना ३ ला १. फिग्मातच रंग निवडताना हे तपासता येतं, सोमवारच्या आधी एकदा बघून घ्या.

आणि देवबागच्या काकांनी सांगितलेलं सगळ्यात महत्त्वाचं तुमच्या सहा पानांत अजून नाही: मालकांचा पडदा. "घरच्या कार्यक्रमामुळे बंद" हे कॅलेंडरवर उमटायला कुणीतरी ते कुठेतरी भरायला हवं. त्या मुलांनी वर्डप्रेससारखं काही वापरलं तरी तयार मिळणारी पानं बऱ्याचदा इंग्रजीत, बारीक आणि संगणकासाठी केलेली असतात. तारकर्लीचे मालक ती फोनवर, जेवणाच्या गडबडीत, एका हाताने उघडणार आहेत. एकच पडदा काढा, मराठीत, ३६० रुंदीत. वर महिना. तारखा बोटाने निवडायच्या. खाली चार मोठी बटणं: मोकळं, भरलं, बंद, दर बदला. बंद दाबलं की कारण निवडायचं: पाऊस, घरचं कार्य, दुरुस्ती. खोल्यांसाठी वेगळं आणि बोटीसाठी वेगळं. खर्चाचा विषय निघेल, म्हणून सोमवारी कामाला बसण्याआधीच हा पडदा त्या मुलांना दाखवा आणि त्यांच्या कोटेशनमध्ये तो धरलाय का ते विचारून घ्या.